सखाहरी अण्णा आणि उष्ण प्रकृतीची गाडी

निरगुडसरच्या हायस्कुलात गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि खोली बघायला सखाहरी अण्णांच्या अंगणात गेलो, तेव्हा मला अण्णा दिसलेच नाहीत. चिंचेखाली एक भलीमोठी परदेशी गाडी उभी होती. तिचं बॉनेट वर केलेलं होतं आणि आतून एका लेंग्याचा मागचा भाग तेवढा बाहेर आला होता.

मी म्हणालो, "कुणी आहे का?"

"हाय की," लेंग्याच्या पलीकडून आवाज आला. "जरा तेवढा तांब्या द्या, पावणं."

मी तांब्या दिला. आतून एक हात आला, तांब्या घेऊन गेला, फुस्स करून वाफेचा लोट उठला आणि "आयायायाय" करत जो माणूस बाहेर उडाला, तो माझा पुढच्या सगळ्या वर्षांचा घरमालक. भाजलेली बोटं तोंडात घालून त्यांनी विचारलं, "खोलीसाठी आलाय व्हय? ऱ्हावा की. पर मोटारीतलं काय कळतं का तुमाला?"

"नाही."

"झ्याक! मग आपलं जमंल. कळणारा मानूस लई वाद घालतो."

मी जुन्नरचा. आमच्याकडे सायकलच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, आणि मला जायची हौसही नव्हती. तरीही त्या माणसापायी मी आयुष्यात जितका वेळ उघड्या बॉनेटसमोर पाण्याचा कॅन धरून उभा राहिलो, तितका फळ्यासमोरही राहिलो नसेन. आता बोला!

गाडी अण्णांकडे आली ती मुंबईच्या एका शेठकडून. घोडेगावच्या पुढे त्या शेठचा बंगला होता आणि बंगल्याभोवतीच्या आंब्यांच्या कलमांवर अण्णांची देखरेख असायची. पुढे शेठनं बंगला विकला, सामान ट्रकात भरलं, पण गाडी काही नेली नाही. ही जुनी, तापट गाडी घेऊन घाट उतरायची त्याची हिंमतच राहिली नसावी. किल्ली अण्णांच्या हातात ठेवून "तुम्हालाच भेट" म्हणाला आणि ट्रकात बसून हसत हसत निघून गेला. तो हसत होता, हे मी अण्णांना पुढे कितीतरी वेळा ऐकवलं. अण्णा म्हणायचे, "दिलदार मानूस."

गाडी मात्र देखणी होती, खोटं कशाला बोलू? पुढच्या फळीला खरं लाकूड, गुळगुळीत. कातडी सीट अशी की बसलं की माणूस निम्मा आत जायचा. काचा बटणावर खालीवर व्हायच्या, निदान काही काचा तरी. सगळं होतं त्या गाडीत. फक्त ती तापायची. निरगुडसरहून निघाली की मंचर येईस्तोवर तिचा काटा चढत चढत लाल पट्टीला टेकायचा. अण्णा त्याला "कुंकू लावलं" म्हणत. "लावलं बघा बाईनं कुंकू. उतरा सर." मग मी उतरायचो, कॅन उचलायचो, आणि अण्णा बॉनेटवर तळहात ठेवून आई लेकराच्या कपाळाचा ताप बघते तसा ताप बघायचे. "अंग लई गरम हाय," एवढं निदान करून रस्त्याकडेच्या दगडावर बसायचे.

अण्णांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, उष्ण आणि थंड. पपई उष्ण, काकडी थंड. आमचे मुख्याध्यापक उष्ण. ट्रॅक्टर उष्ण, सायकल थंड. मला एकदा भर पारावर म्हणाले, "सर, तुमची प्रकृती थंड हाय, म्हनून पोरं तुमाला भीत न्हाईत." मी दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी. त्यांनी ते माझ्या थंड प्रकृतीचंच लक्षण धरलं.

गाडीची प्रकृती तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखली होती. "तिकडं बर्फ पडतो, सर. तिकडच्या लोकांनी गाडी मुद्दाम उष्ण बनवलीया, न्हाईतर ती गारठून मरंल. आता ती हिकडं आली आमच्या उन्हात. तिला पित्त व्हनारच की! आता हळूहळू तिला आपलं हवापानी मानवाया पायजे."

घरात दुसरं माणूस म्हणजे सुभद्रावैनी. किडकिडीत, चपळ आणि मोजकं बोलणाऱ्या. अण्णा सकाळपासून बोलून जेवढं सांगायचे, तेवढं वैनी भाकरी उलथताना एका वाक्यात खोडून टाकायच्या. वैनींचं माहेर शिनोली, घोडेगावच्या जरा पुढे. तिथं त्यांचे थोरले भाऊ, महादूदादा. या दादांकडे नवीकोरी जीप होती आणि ती तापत नव्हती. अण्णांच्या आयुष्यात सलणारी अशी ही एकच गोष्ट. बायकोला आपल्या गाडीत पुढे बसवायची, मंचर-घोडेगाव करत थेट शिनोलीत महादूदादाच्या दारात न्यायची, आणि दार उघडून उतरवायची, यापलीकडे त्या माणसाला देवाकडे काही मागायचं नव्हतं. मी हे त्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे.

तसा एक प्रयत्न मी यायच्या आधी होऊन गेला होता. त्याची हकीगत दोन्ही पक्षांकडून वेगवेगळी ऐकायला मिळायची. अण्णा सांगत, "जराशी तापली वाटंत. पर पोचलो." वैनी सांगत ते असं: शिनोलीच्या जत्रेला निघालेले दोघं. वैनींच्या अंगावर नवं लुगडं. अण्णांनी आदल्या दिवशीच निरोप धाडलेला, की गाडी येतीय. घोडेगावाच्या अलीकडे गाडीनं कुंकू लावलं. भावाकडे आहेर म्हणून नेलेल्या तांब्याच्या कळशीनं वैनींनी ओढ्यावरून पाणी आणलं, परत आणलं, परत आणलं, शेवटी कळशीच ओढ्यात गेली. मग एक दुधाचा टेम्पो आला. इकडे महादूदादाच्या दारात भावजय ओवाळायला तबक घेऊन उभी, सगळी आळी गोळा झालेली, आणि टेम्पोतून दुधाच्या कॅनांमधून उतरली कोण, तर लेक! मागचा कॅन सांडलेला, निम्मं लुगडं दुधानं भिजलेलं.

"भावजयनं तबक तसंच आत नेलं," वैनी सांगायच्या, "आन भाऊ म्हनला, दूध आमच्यात बी हाय गं."

त्या दिवशी वैनींनी शपथ घेतली. या गाडीत पुन्हा पाय ठेवला तर नाव लावणार नाही. तेव्हापासून वैनी माहेरी जायच्या त्या एसटीनं. अण्णा दरवर्षी विचारायचे, "येतीस का गं?" वैनी पिशवी उचलून स्टँडच्या दिशेनं चालू लागायच्या, हेच उत्तर.

अण्णांनी मग औषधोपचार सुरू केले. एका उन्हाळ्यात संध्याकाळी मी व्हरांड्यात पेपर तपासत होतो, तर अण्णा डबा घेऊन गाडीच्या तोंडात काहीतरी ओतताना दिसले. मी दुर्लक्ष केलं, कारण विचारलं की बोलावतात. सकाळी गाडी अंगणातून निघाली, वेशीपर्यंत गेली आणि तिथं तिनं जे कुंकू लावलं ते आजवरचं विक्रमी. पाणी वर उसळतंय, खाली काही उतरत नाही. शेवटी अण्णांच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर आणून दोरखंड बांधला आणि आम्ही निघालो आळेफाट्याला, करीमभाईच्या गॅरेजवर. ट्रॅक्टर पुढे, गाडी मागे, अण्णा स्टेअरिंगवर ताठ, शेजारी मी. नारायणगावात लोकांना वाटलं कुणा पुढाऱ्याची मिरवणूक आहे. एकदोघांनी हात केला. अण्णांनीही केला. मी खाली वाकून चपलेचा अंगठा शोधत राहिलो.

करीमभाई मूळचे जुन्नरचे, त्यामुळे मला त्यांचा जरा आधार वाटायचा. आळेफाट्याला त्यांच्याकडे ट्रक यायचे, बसगाड्या यायच्या, त्यांना ते घाबरत नसत. या गाडीचं बॉनेट उघडायचं असलं की मात्र "बिस्मिल्ला" म्हणून एक पाऊल मागे उभे राहायचे. त्यांनी रेडिएटरची खालची नळी सोडली. पाणी यायच्या ऐवजी काळे काळे ठिपके असलेला बुळबुळीत गोळा हळूहळू बाहेर आला आणि पचकन घमेल्यात पडला. मागून दुसरा. करीमभाईंनी बोटावर घेतला, वास घेतला.

"अण्णा, ये क्या है?"

"सब्जा," अण्णा म्हणाले.

करीमभाईंनी घमेलं उचलून उजेडात धरलं. मग शांतपणे म्हणाले, "और गुलाब का शरबत किधर है?"

"शरबत कशाला?" अण्णा गंभीर. "गोडानं उष्णता वाढती."

पुढचे काही दिवस करीमभाई त्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तार घालून सब्जा उकरत बसले. आत नुसता सब्जा नव्हता. विहिरीच्या पाण्याचे क्षार होते, आणि ते क्षार काढायला अण्णांनी कधीतरी घातलेलं चिंचेचं पाणी होतं, कारण त्यानं तांब्याची भांडी निघतात. ताकाची बाब करीमभाईंना आम्ही सांगितलीच नाही. शेवटी त्यांनी सगळं धुऊन, गळक्या जागांना डाख देऊन, हिरवं पाणी भरलं आणि अण्णांना बजावलं, "हे कूलंट आहे. वर्ष-दोन वर्षं ह्याला हात लावायचा नाही. हेच पाणी इंजनातून रेडिएटरला जाईल, थंड होईल, परत इंजनात जाईल. कळलं?"

आम्ही परत निघालो. गाडी छान चालत होती, काटा मध्यावर होता, पण अण्णांचा चेहरा उतरलेला. नारायणगावात चहाला थांबलो. मी म्हणालो, "अण्णा, झालं की काम. आता काय?"

"सर," अण्णा बशी खाली ठेवून म्हणाले, "म्हंजी तेच पानी? इंजनातनं भाईर, पुन्ना आत, पुन्ना भाईर, पुन्ना आत?"

"हो."

"उष्टं?"

हॉटेलातले सगळे आमच्याकडे बघायला लागले होते.

"तुमी तोंडात घेतल्यालं पानी भाईर काढून परत पिता का?" अण्णांचा आवाज चढला. "वर्षभर तेच पानी! आपल्या हिरीवरचं इंजन बघा. ताजं पानी येतं, इंजनाला गार करतं आन पाटानं उसात जातं. एकदा वापरल्यालं पानी त्ये पुन्ना तोंडाला लावत न्हाई. म्हनून तर बापाच्या टायमापासनं चालतंय. आन ह्या एवढ्या खानदानी गाडीला उष्टं पाजायचं? मग तापंल न्हाईतर काय व्हईल?"

झालं. घरी पोचल्यावर आठ दिवसांच्या आत ते हिरवं पाणी अंगणात सांडलेलं मी पाहिलं. गाडीच्या टपावर एक मोठा प्लॅस्टिकचा पिंप आला. पिंपातून नळी इंजिनात, इंजिनातून दुसरी नळी गाडीखालून मागे, रस्त्यावर. चालू गाडीला ताजं पाणी, वापरलेलं पाणी बाहेर. विहिरीवरच्या इंजिनाचा कायदा जशाच्या तसा. आणि खरं सांगतो, गाडी तापेना! काटा जागचा हलला नाही. अण्णा माझ्याकडे जे बघायचे, ते मला अजून सहन होत नाही.

गाडी जाईल तिकडे मागे पाण्याची ओली रेघ. मोटारसायकलवाले शेजारी येऊन ओरडायचे, "काका, पानी गळतंय!" अण्णा खिडकीतून ओरडायचे, "गळत न्हाई, सोडलंय!" शेळ्या रस्ता सोडून मागे यायच्या. अवसरीच्या पारावरच्या म्हाताऱ्यांना हे पाणी गरम असतं असा शोध लागला. गाडी थांबली की ते चपला काढून मागे रांगेनं पाय पुढे करायचे, गुडघ्यांना शेक. अण्णा इंजिन चालू ठेवून त्यांचं होईस्तोवर थांबायचे. मी मागच्या सीटवर बसून दात-ओठ खायचो.

अडचण एकच. पिंप लवकर रिकामा व्हायचा. म्हणून अण्णांनी शिनोलीचा रस्ता विहिरींप्रमाणे आखला. ज्या ज्या पाहुण्याच्या विहिरीवर इंजिन, तिथं थांबायचं, पिंप भरायचा. पण पाहुण्याच्या विहिरीवर जाऊन नुसतं पाणी घेऊन निघणं आमच्या भागात जमतं का कधी? चहा आला, पोहे आले, लग्नाच्या पोरीचं स्थळ निघालं, बांधाचं भांडण निघालं. त्या वर्षी शिनोलीच्या जत्रेला आम्ही भल्या पहाटे निघालो. वैनी दुपारच्या एसटीनं गेल्या, देवाला नारळ फोडला, जेवल्या, भावजयीशी बोलून झालं, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत निघाल्या. घोडेगावात एसटी थांबली तेव्हा रस्त्याकडेच्या एका मळ्यात आम्ही सहाव्या की सातव्या चहाला बसलेलो. गाडीच्या टपावर मळेवाल्याचा मुलगा पिंपात नळी धरून उभा. एसटीच्या खिडकीतून वैनींनी आमच्याकडे पाहिलं, आणि धाडदिशी खिडकीची झडप खाली ओढून घेतली.

आम्ही शिनोलीला पोचलोच नाही. पण तिथं काय घडलं ते दुसऱ्या दिवशी वैनींनी मला सांगितलं. माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, हातात सूप, सुपात काहीच नाही.

"सर, दादा चार मानसांत म्हनला. म्हनला, तुझ्या नवऱ्याची गाडी म्हंजी तुळशीवृंदावन. रोज पानी घालायचं आन जागची हलायची न्हाई. सगळी हसली."

मी हसू दाबलं, कारण वाक्य खरोखर चांगलं होतं. पण वैनींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी ह्यास्नी काय बी बोलंन. गाडी चुलीत घालीन. माझा हक हाय. दादाला कुनी दिला? ह्यांनी त्याला कदी एक वाकडा शबूद बोलला न्हाई. ह्यांच्यावर हसायला त्यो कोन?"

वर्ष उलटलं. पुढच्या जत्रेच्या आधी, एका रात्री जेवताना वैनी ताटात आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "औंदा गाडीनं जायचं. मी बसनार."

अण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. मला वाटलं आता उडी मारतील. जेवण झाल्यावर मला बाहेर चिंचेखाली ओढत नेलं आणि कुजबुजले, "सर, तिला समजवा. एसटी बरी."

"अहो, इतकी वर्षं तुम्हीच मागे लागला होतात ना?"

"मागं लागलो व्हतो. ती व्हय म्हनंल असं कुटं वाटलं व्हतं?" अण्णांचा चेहरा पांढराफटक. "परत जर तिला दुधाच्या टेम्पोतनं उतरायला लागलं ना सर, तर तिचं म्हायेर तुटलं म्हनून समजा. ती पुन्ना जायची न्हाई तिकडं. आन माझ्याशी..." सखाहरी अण्णांचं वाक्य अर्ध्यावर राहिलेलं मी प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आळेफाटा. अण्णांनी करीमभाईंपुढे हात जोडले. "सगळं शहाणपन सोडलं, भाई. पिंप काढला. तुमी सांगाल ते उष्टंमाष्टं पानी पाजतो. पर शिनोली गाठून द्या."

करीमभाईंनी बिस्मिल्ला केलं. रेडिएटर बघून त्यांनी नुसती मान हलवली. क्षारांनी आणि चिंचेनं निम्म्या नळ्या खाल्ल्या होत्या. तसला नवा मिळणार नव्हता. त्यांनी एका टेम्पोचा रेडिएटर आडवा घालून बसवला, एसी काढून टाकला, म्हणजे इंजिनावर भार कमी. तरीही उन्हात चक्कर मारली की काटा चढायचाच. जत्रा तर चार दिवसांवर. शेवटी ते गाडीत बसून फळीवरची बटणं बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "ह्याच्यात हीटर आहे!"

"त्याचं काय?"

"थंड मुलखातली गाडी ना. इंजनाची गरमी आत खेचायची, माणसं उबेला बसायची. तो फुल चालू ठेवा. इंजनाची गरमी आत येईल, इंजन थंड राहील. गॅरंटी."

"आन आतली मानसं?"

करीमभाई फडक्याला हात पुसत म्हणाले, "माणसांचं काम मी करत नाही, अण्णा. फक्त गाड्या."

अण्णांनी बटण एकदा फिरवून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरुबर हाय. उष्णता कुटंतरी जानारच. गाडीला न्हाई, तर आमाला."

जत्रेच्या दिवशी भर दुपारी निघालो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. वैनी पुढे अण्णांशेजारी, अंगावर जांभळी पैठणी, नाकात नथ. मी मागे, दोन्ही बाजूंना कॅन. हीटरचं अण्णांनी वैनींना काही सांगितलं नव्हतं. गाव सोडलं आणि त्यांनी हळूच बटण फिरवलं. आधी पायांशी कोमट वारा आला. मग तो तापला. अवसरी यायच्या आत गाडीची भट्टी झाली.

वैनी म्हणाल्या, "अवं, पायाशी चूल पेटवली का काय कुनी?"

अण्णांनी रस्त्यावर नजर ठेवून सगळं सांगून टाकलं. मी डोळे मिटून घेतले. आता ही बाई गाडी थांबवायला लावणार, उतरणार, आणि चालत परत जाणार.

"बंद क्येलं तर?" वैनींनी विचारलं.

"तापंल."

"मग ऱ्हाऊ द्या," वैनी म्हणाल्या आणि पदरानं मान पुसली.

काचा चारांपैकी दोनच उघडत होत्या, आणि त्यातून येणारा वाराही उन्हाचाच. मंचरमध्ये माझा शर्ट पाठीला चिकटला. पुढे तर मी कॅनमधलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं. अण्णांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप स्टेअरिंगवर पडत होता, पण त्यांची नजर काट्यावरून हलत नव्हती. काटा मध्यावर. घोडेगाव गेलं. काटा मध्यावर! "सुभद्रे, बघ," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. वैनी म्हणाल्या, "बघतीय. तुमी रस्ता बघा."

शिनोलीची वेस दिसली. वैनींनी पिशवीतून टॉवेल काढला, चेहरा पुसला, पदर सारखा केला, नथ नीट बसवली आणि हुकूम सोडला, "काचा वर घ्या."

"वैनी!" मी ओरडलो. "मरू आपण!"

"थोडं मरा, सर," वैनी मागे न बघता म्हणाल्या. "काचा उघड्या टाकून हितं कंची बी जीप येती."

काचा वर गेल्या. त्या शेवटच्या गल्लीतून जाताना मला डोळ्यांपुढे काजवे दिसत होते. पुढे त्याच वर्षी जूनमध्ये माझी जुन्नरला बदली झाली आणि अण्णांकडे पुन्हा म्हणावं तसं जाणं झालं नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे अण्णा येतात ते त्या दिवसाचे, महादूदादाच्या दारात गाडी उभी करून, घामानं न्हालेले, पळत वळसा घालून बायकोसाठी दार उघडणारे.

वैनी उतरल्या. सावकाश, एकेक पाय टाकत. आणि कुणी जवळ यायच्या आत मागच्या मागे हातानं दार लोटून बंद केलं. आळी गोळा झाली होती. भावजय तबक घेऊन आली. महादूदादा पुढे आले, त्यांनी गाडीकडे पाहिलं, बंद काचांकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. वैनींचा चेहरा लालबुंद, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं, पैठणी पाठीवर ओलीचिंब.

"आली व्हय गाडी?" दादा म्हणाले. "एशी-बिशी चालू हाय का न्हाय?"

सगळे ऐकत होते. अण्णा बॉनेटशी उभे होते, हात लटकलेले, आणि बायकोकडे असे बघत होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

"लई गार व्हता गं बाई," वैनी भावजयीला म्हणाल्या. "हुडहुडी भरली मला."

"आन ह्यो घाम कसला?" दादांनी विचारलं.

"भाईर आल्याव फुटला. लई उकाडा तुमच्यात, दादा."

एवढं बोलून वैनींनी त्या टळटळीत उन्हात पैठणीचा पदर दोन्ही खांद्यांवरून अंगाभोवती गच्च लपेटून घेतला, आणि चहा टाकायला सांगितला, आलं जरा जास्त घालून. चहा आला. वाफाळता. त्यांनी पहिला कप स्वतः उचलून अण्णांच्या हातात दिला.

"घ्या. तुमी बी गारठला असाल."

"व्हय," अण्णा म्हणाले. आणि दोन्ही हातांनी कप घट्ट धरून, थंडीनं कुडकुडल्यासारखे, तो कढत चहा पिऊ लागले.